मातीचे मोल

सट्ट्यात मिळालेला पैसा सट्ट्यातच जातो; सार्वजनिक संस्थेत घातलेला मात्र पिढ्यान्‌पिढ्या उरतो. अर्थशास्त्राचा हा साधा धडा डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या चरित्रातून जितका स्पष्ट होतो, तितका क्वचितच एखाद्या ग्रंथातून होत असेल.

रामकृष्ण विठ्ठल लाड हे त्यांचे मूळ नाव. गोव्यातील मांद्रे हे जन्मगाव. वडील मातीच्या बाहुल्या विकून चरितार्थ चालवीत. मुंबईस एल्फिन्स्टन संस्थेत शिकून भाऊंनी तेथेच अध्यापन केले आणि १८५१ साली ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाच्या पहिल्या तुकडीतून पदवी मिळविली. गोरगरिबांना विनामूल्य औषध देणाऱ्या या वैद्याने अजिंठ्याचे शिलालेखही वाचले.

१८५७ च्या उठावात सरकारी वस्तुसंग्रहालयाची किल्ल्यातील जागा लष्कराकडे गेली. तेव्हा जगन्नाथ शंकरशेट, जॉर्ज बर्डवुड आणि भाऊ यांनी नव्या इमारतीसाठी लोकवर्गणी उभारली. १८६२ साली पायाभरणी झाली. अमेरिकेतील यादवीमुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता. १८६५ साली युद्ध संपताच शेअरबाजार कोसळला. भाऊंचीही संपत्ती त्यात बुडाली. संग्रहालय मात्र १८७२ साली भायखळ्यास उघडले. दोनच वर्षांनी भाऊ निवर्तले. १९७५ साली संग्रहालयाला त्यांचे नाव लाभले.

तेथील झिलईदार मृत्पात्रे आवर्जून पाहण्याजोगी आहेत. साध्या भाजल्या मातीतून पाणी पाझरते. झिलईचा काचेसारखा थर ते अडवितो. नवव्या शतकात बसऱ्याच्या कुंभारांनी चिनी भांड्यांच्या तोडीस उतरण्यासाठी कथिलाची पांढरी झिलई वापरली. इस्लामी जगातील या झिलईकामाशी नाते सांगणारी निळी-हिरवी कला सिंधच्या कुंभारांनी जोपासली होती. १८७० नंतरच्या दशकात मुंबईच्या कलाशाळेचे जॉर्ज टेरी यांनी सिंधमधून कुंभार आणविले आणि त्या झिलईखाली अजिंठ्याची नक्षी अवतरली. बसऱ्याचा वारसा, सिंधचा हात आणि मराठवाड्याची चित्रकला एका घटावर नांदली.

मंठ्यासारख्या तालुक्याच्या गावाहून सहलीस गेलेला विद्यार्थी राणीच्या बागेतील प्राणी पाहून परततो; लगतच्या या वास्तूकडे त्याचे पाऊल वळत नाही. शिक्षकांनी ते वळवावे. शिवाय आपल्या तालुक्यातील कुंभाराचे चाक थांबण्यापूर्वी त्याचे घट, त्याची अवजारे आणि त्याचे नाव शाळेच्या एखाद्या कपाटात तरी जपून ठेवावे. बाहुल्या विकणाऱ्याच्या मुलाने मुंबईसाठी जे केले, त्याचा एवढा अंश आपल्या आवाक्याबाहेरचा खचितच नाही.