नोबेल आणि जिभेखालची गोळी

छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायची छोटी गोळी अनेक हृदयरुग्णांच्या खिशात असते. या औषधाचं आणि डायनामाइटचं कूळ एकच आहे, हे कळल्यावर काही रुग्ण गोळी जवळ बाळगायलाही घाबरतात. त्यांना मी आल्फ्रेड नोबेल यांची गोष्ट सांगतो.

नोबेल यांचा जन्म १८३३ मध्ये स्टॉकहोमला झाला. नायट्रोग्लिसरीन मात्र त्यांनी शोधलेलं नाही. ते १८४७ च्या सुमारास इटलीतील अस्कानिओ सोब्रेरो यांनी बनवलं. त्यांनी त्याची किंचित चव घेतली आणि डोकं ठणकू लागलं. रक्तवाहिन्या रुंदावल्याची ती खूण होती.

नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाच्या थंड मिश्रणात ग्लिसरीन हळूहळू सोडायचं, हे झालं नायट्रेशन. या क्रियेत उष्णता निर्माण होते. मिश्रण तापलं किंवा धुतल्यानंतरही द्रवात आम्ल राहिलं, तर स्फोटाचा धोका वाढतो. ३ सप्टेंबर १८६४ रोजी स्टॉकहोममधील नोबेल यांच्या कार्यशाळेत असाच मोठा स्फोट झाला. त्यात त्यांचा वीस वर्षांचा धाकटा भाऊ एमिल आणि इतर काही जण दगावले. शहरात हे काम करण्यास बंदी आली. नोबेल यांनी ते मेलारेन सरोवरातल्या एका पडावावर सुरू ठेवलं.

१८६७ मध्ये त्यांनी हे तेल सच्छिद्र मातीत जिरवून डायनामाइट तयार केलं. त्यामुळे वाहतूक सुरक्षित झाली. नायट्रेशनची जोखीम मात्र कायम राहिली. स्कॉटलंडमधील आर्डीरच्या कारखान्यात तापमापकावर नजर ठेवणारा कामगार एका पायाच्या स्टुलावर बसत असे. डुलकी लागलीच तर तोल जाऊन जाग यावी, हा हेतू.

अशा कारखान्यांतील कामगारांचं डोकं दुखे. काही दिवसांत शरीराला सवय होई, सुटीत ती मोडे आणि सोमवारी दुखणं पुन्हा सुरू होई. आजही या गटातील रोजची औषधं देताना आम्ही दिवसातले काही तास मोकळे ठेवतो, ते याच कारणासाठी.

१८७९ मध्ये लंडनचे डॉक्टर विल्यम मरेल यांनी हृदयशूळावर नायट्रोग्लिसरीनचा उपयोग दाखवून दिला. पुढे हृदयविकाराने त्रस्त झालेल्या नोबेल यांनाही डॉक्टरांनी तेच लिहून दिलं. लोक दचकू नयेत म्हणून औषधविक्रेते त्याला ट्रिनिट्रिन म्हणत. १० डिसेंबर १८९६ रोजी सान रेमो इथे मेंदूतील रक्तस्रावाने नोबेल यांचं निधन झालं. या औषधापासून शरीरात नायट्रिक ऑक्साइड तयार होतं आणि रक्तवाहिन्या सैलावतात, हे बऱ्याच काळाने उलगडलं. नायट्रिक ऑक्साइडच्या या कार्याच्या शोधासाठी १९९८ चं नोबेल पारितोषिक दिलं गेलं.

आपल्याकडे जिभेखाली ठेवतात ती सॉर्बिट्रेट याच नायट्रेट कुळातली. गोळीत औषध काही मिलिग्रॅमच असतं, तेही इतर निरुपद्रवी पदार्थांत मिसळलेलं. त्यामुळे स्फोटाची भीती नको. डॉक्टरांनी लिहून दिली असेल तरच, आणि बसूनच घ्या. रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते. सिल्डेनाफिलसारखं औषध घेतलं असेल तर ही गोळी घेऊ नका, डॉक्टरांना तसं सांगा. आणि पाच मिनिटांत कळ थांबली नाही, तर वाट न पाहता १०८ ला फोन करा.