हैदराबादच्या नळामागचा इंजिनिअर

लेकराची कावीळ, टायफॉईड बळावला की आपल्या देगलूर-बिलोलीकडचे लोक हैदराबाद गाठतात. याच शहरात असे आजार पाण्यातून पसरूच नयेत म्हणून एका इंजिनिअरनं शंभर वर्षांपूर्वी काम केलं. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या.

जन्म म्हैसूर संस्थानातला, इंजिनिअरिंगचं शिक्षण पुण्यात. १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले. नाशिक, खानदेशात राबले. सिंधमधल्या सक्कर शहराला त्यांनी नदीपात्रात विहीर खोदून वाळूतून गाळलेलं पाणी दिलं.

२८ सप्टेंबर १९०८ ला मुसीच्या पुरानं हैदराबादेत हजारो माणसं गेली. निजाम सरकारनं विश्वेश्वरय्यांना बोलावलं. त्यांच्या आराखड्यातून पुढं उस्मानसागर, म्हणजे आपलं गंडीपेट, अन् हिमायतसागर उभे राहिले. पूर अडला, प्यायला पाणीही मिळालं. घाण पाण्यासाठी त्यांनी भुयारी गटार योजना आखली. १९२२ मध्ये त्याच कामाला ते पुन्हा आले.

हिपॅटायटिस ए, ई, टायफॉईड, कॉलरा यांचे जंतू मैल्यातून पाण्यात अन् पाण्यातून तोंडात जातात. हिपॅटायटिस ए झालेल्या लहान लेकराचे डोळे पिवळे होतातच असं नाही. ते अंगणात खेळत असतं अन् आजार पसरत असतो. म्हणून नळ आणि गटार वेगळं ठेवणं हाच खरा इलाज.

१९५५ मध्ये भारतरत्न मिळालं, एप्रिल १९६२ मध्ये ते गेले. तुमच्या गल्लीतला नळाचा पाईप नालीतून जातो का, आज बघाच. जात असेल तर पाणी उकळूनच प्या.