फिलिप हेन्री गॉस

फिलिप हेन्री गॉस (जन्म : ६ एप्रिल, इ.स. १८१०, वुस्टर, इंग्लंड. मृत्यू : २३ ऑगस्ट, इ.स. १८८८, सेंट मेरीचर्च, टॉर्की, इंग्लंड) हे इंग्रज निसर्गाभ्यासक, चित्रकार व विज्ञानलेखक होते. समुद्रातील सजीव घरातील काचपात्रात दीर्घकाळ जिवंत ठेवण्याची पद्धत त्यांनी सर्वसामान्यांपर्यंत पोहोचवली. 'अक्वेरियम' हा शब्द आजच्या अर्थाने रूढ होण्याचे श्रेयही मुख्यतः त्यांच्या इ.स. १८५४ मधील ग्रंथाला दिले जाते. आधी पाणी तयार होऊ द्यावे आणि मगच त्यात प्राणी सोडावेत, हा सागरी मत्स्यालयाचा मूलभूत नियम त्यांच्या प्रयोगांतून स्पष्ट झाला. मात्र त्यांच्याच पुस्तकांनी निर्माण केलेल्या लाटेत इंग्लंडच्या किनाऱ्यावरील जीवसृष्टीची मोठी हानी झाली.

जन्म व बालपण

गॉस यांचे वडील थॉमस गॉस हे गावोगाव हिंडून लघुचित्रे काढणारे चित्रकार होते. उत्पन्न अनिश्चित असल्याने घरात कायम ओढग्रस्त असे. फिलिप यांचे बालपण डॉर्सेट परगण्यातील पूल या बंदरगावी गेले. त्यांची आत्या सुझन बेल यांना निसर्गाची आवड होती. त्यांनी भाच्याला किनाऱ्यावरील प्राण्यांची ओळख करून दिली, तसेच चित्रकलेचे प्राथमिक धडेही दिले. पुढे प्राणिशास्त्रज्ञ म्हणून प्रसिद्ध झालेले थॉमस बेल हे याच आत्याचे पुत्र होत. परिस्थितीमुळे गॉस यांचे औपचारिक शिक्षण लवकर संपले आणि वयाच्या १५ व्या वर्षी ते एका व्यापारी पेढीत कारकून म्हणून रुजू झाले.

अमेरिकेतील वास्तव्य

इ.स. १८२७ मध्ये गॉस न्यूफाउंडलंड बेटावरील कार्बोनियर येथे एका व्यापारी पेढीत कारकुनीसाठी गेले. तेथे ते आठ वर्षे राहिले. इ.स. १८३२ मध्ये एका लिलावात त्यांनी सूक्ष्मदर्शकावरील एक जुना ग्रंथ विकत घेतला व तेव्हापासून कीटकांचा पद्धतशीर अभ्यास आरंभला. त्याच वर्षी त्यांची धर्मश्रद्धाही दृढ झाली. निरीक्षण आणि श्रद्धा या दोन्ही गोष्टींनी त्यांना आयुष्यभर सोबत केली.

इ.स. १८३५ मध्ये त्यांनी कॅनडातील कॉम्प्टन येथे शेती करून पाहिली. शेती साधली नाही. पण तेथील निरीक्षणांतून त्यांचे पहिले प्रकाशित पुस्तक आकारास आले. इ.स. १८३८ मध्ये अमेरिकेतील अलाबामा राज्यात मळेवाल्यांच्या मुलांचे शिक्षक म्हणून त्यांनी काही महिने काम केले. या काळात त्यांनी तेथील कीटकांची अत्यंत सुबक रंगीत चित्रे काढली. तेथील गुलामगिरीची क्रूरता पाहून त्यांचे मन विटले. इ.स. १८३९ मध्ये ते जवळजवळ रिकाम्या हाताने इंग्लंडला परतले.

जमैका व विवाह

लंडनजवळील हॅकनी येथे गॉस यांनी काही काळ शाळा चालवली. इ.स. १८४४ मध्ये प्राण्यांचे नमुने गोळा करण्यासाठी ते जमैकाला गेले व तेथे दीड वर्ष राहिले. स्थानिक अभ्यासक रिचर्ड हिल यांच्या सहकार्याने त्यांनी जमैकातील पक्ष्यांवर लिहिलेला ग्रंथ इ.स. १८४७ मध्ये प्रसिद्ध झाला. मेलेल्या नमुन्यांच्या मोजमापांपेक्षा जिवंत पक्ष्यांच्या सवयींना त्यांनी त्यात अधिक महत्त्व दिले आहे. इ.स. १८४८ मध्ये त्यांचा विवाह कवयित्री व धार्मिक लेखिका एमिली बोज यांच्याशी झाला. त्यांचे एकुलते एक अपत्य म्हणजे पुढे समीक्षक म्हणून नावारूपास आलेले एडमंड गॉस होत.

सागरी मत्स्यालयाकडे

अतिश्रमाने प्रकृती ढासळल्यामुळे इ.स. १८५२ मध्ये गॉस कुटुंबासह डेव्हनच्या किनाऱ्यावर राहावयास गेले. ओहोटीच्या वेळी खडकांतील डबक्यांत दिसणारी समुद्रपुष्पे, प्रवाळ, शिंपले व कृमी यांनी त्यांना वेड लावले. हे प्राणी घरी आणले की पाणी एक-दोन दिवसांत नासे आणि ते मरून जात. त्यामुळे त्यांचे जीवन पाहायचे, तर आधी पाणी टिकवणे आवश्यक होते.

या प्रश्नावर त्यापूर्वीही काम झाले होते. ॲना थिन यांनी इ.स. १८४६ पासून लंडनमधील आपल्या घरी प्रवाळ जिवंत ठेवले होते. रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी इ.स. १८५० मध्ये गोड्या पाण्यातील मासे, पाणवनस्पती व गोगलगायी यांचा परस्परांना पूरक असा समतोल दाखवून दिला. वनस्पती प्राणवायू सोडतात, गोगलगायी कुजकी पाने खातात आणि त्यामुळे पाणी न बदलता मासे जगतात, असे त्यांच्या प्रयोगाचे सार होते. गॉस यांनी हेच तत्त्व खाऱ्या पाण्यात पडताळून पाहिले. इ.स. १८५३ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्क येथील प्राणिसंग्रहालयात जगातील पहिले सार्वजनिक मत्स्यालय सुरू झाले. त्यासाठी गॉस यांनी अनेक सागरी प्राणी पुरवले.

कृत्रिम समुद्रजल व पाणी तयार करण्याची पद्धत

समुद्रापासून दूर राहणाऱ्यांना ताजे समुद्राचे पाणी मिळणे कठीण आणि खर्चाचे होते. म्हणून गॉस यांनी इ.स. १८५४ च्या एप्रिल महिन्यात समुद्रजलाच्या उपलब्ध रासायनिक पृथक्करणाच्या आधारे कृत्रिम पाणी बनवले. सुमारे साडेचार लिटरांहून किंचित कमी गोड्या पाण्यात त्यांनी अंदाजे १०० ग्रॅम मीठ, ७ ग्रॅम एप्सम क्षार, १३ ग्रॅम मॅग्नेशियम क्लोराइड आणि अडीच ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड विरघळवले. अत्यल्प प्रमाणात असणारे इतर घटक त्यांनी गाळले.

या प्रयोगातील खरी महत्त्वाची गोष्ट त्यानंतरची आहे. पाणी बनताच गॉस यांनी त्यात प्राणी सोडले नाहीत. गाळलेल्या पाण्यात त्यांनी प्रथम समुद्रातील दगड व शिंपल्यांचे तुकडे ठेवले आणि हिरवी सागरी शैवले लावली. सुमारे आठवडाभर पाणी तसेच राहू दिल्यावर त्यांनी लहान प्राणी सोडले. पुढील अनेक आठवडे ते प्राणी सुस्थितीत राहिले. या प्रयोगाचा वृत्तान्त त्यांनी त्याच वर्षी एका विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध केला.

इ.स. १८५५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत त्यांनी ही पद्धत सोप्या शब्दांत मांडली. सागरी शैवलांना खरी मुळे नसल्याने ती ओरबाडून न आणता खडकाच्या तुकड्यासह छिन्नीने काढावीत. शैवले आधी आणि प्राणी काही दिवसांनी, असा क्रम पाळावा. भांडे कडक उन्हात ठेवू नये. मेलेला प्राणी तत्काळ बाहेर काढावा, असे त्यांचे सांगणे होते. बाष्पीभवनाने पाणी घटते, परंतु क्षार मागे राहतात. म्हणून घटलेले पाणी गोड्या पाण्याने भरून काढावे, हा त्यांचा नियम आजही तसाच पाळला जातो.

पद्धतीमागील शास्त्र

पाणी शुद्ध राहण्याचे सारे श्रेय गॉस व त्यांचे समकालीन वनस्पतींनी सोडलेल्या प्राणवायूला देत. हे स्पष्टीकरण अपुरे होते. प्राण्यांच्या उत्सर्गातून व उरलेल्या अन्नातून पाण्यात अमोनिया साठतो आणि तो अल्प प्रमाणातही माशांना घातक ठरतो. काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइटमध्ये, तर दुसरे जिवाणू नायट्राइटचे तुलनेने निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नव्या काचपात्रात हे जिवाणू नगण्य असतात आणि त्यांची वाढ सावकाश होते. गॉस यांनी समुद्रातून आणलेल्या दगड-शिंपल्यांवर ते आधीच वसलेले असणार. प्राणीही थोडे व लहान असल्याने त्यांना आठवडाभराची प्रतीक्षा पुरली. कोरड्या साहित्याने आरंभ केल्यास आज सामान्यतः चार ते सहा आठवडे थांबावे लागते. अमोनिया व नायट्राइट यांचे प्रमाण प्रथम वाढून नंतर शून्यावर आले आहे, याची चाचणीने खात्री करून मगच पहिला मासा सोडतात.

या क्रियेचा उलगडा गॉस यांच्या हयातीतच होऊ लागला होता. इ.स. १८७७ मध्ये श्लोसिंग व म्युंट्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी वाळूच्या थरातून सांडपाणी सोडले. सुमारे वीस दिवस काहीच बदल दिसला नाही. त्यानंतर अमोनियाच्या जागी नायट्रेट मिळू लागले. क्लोरोफॉर्म सोडताच क्रिया थांबली, त्यावरून ती सजीवांकडून घडते हे सिद्ध झाले. ही क्रिया दोन टप्प्यांत होते, हे दाखवणाऱ्यांत रॉथमस्टेड येथील कृषिरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन हे प्रमुख होते. मत्स्यालयाचा समतोल मांडणाऱ्या वॉरिंग्टन यांचेच ते पुत्र. संबंधित जिवाणू वेगळे करण्यात सेर्गेई विनोग्राद्स्की यांना इ.स. १८९० च्या सुमारास, म्हणजे गॉस यांच्या मृत्यूनंतर यश आले.

मत्स्यालयांची लाट व किनाऱ्यांची हानी

गॉस यांच्या पुस्तकांतील रंगीत चित्रे व प्रसन्न भाषा यांमुळे इंग्लंडमधील मध्यमवर्गात मत्स्यालयांचे वेड पसरले. रेल्वेने किनारे जवळ आले होते. लोक हातोडी व बरण्या घेऊन खडकांवर जाऊ लागले. प्रतीक्षेचा नियम मात्र थोड्यांनीच पाळला. बहुतेकांनी पहिल्याच दिवशी पात्र प्राण्यांनी भरून टाकले. पाणी कुजले, दुर्गंधी सुटली आणि मेलेल्यांच्या जागी नवे प्राणी आणले गेले. काही वर्षांतच ही लाट ओसरली. तोपर्यंत पिढ्यान्‌पिढ्या अस्पर्श राहिलेली अनेक खडकाळ डबकी उजाड झाली होती.

एडमंड गॉस यांनी इ.स. १९०७ मध्ये लिहिलेल्या आत्मकथनपर ग्रंथात या विनाशाची नोंद केली आहे. आपल्या पुस्तकांमुळे हे घडले याची जाणीव वडिलांना होती आणि तिने त्यांना तीव्र दुःख होई, असे त्यांनी नमूद केले आहे.

उत्तरायुष्य

इ.स. १८५६ मध्ये गॉस रॉयल सोसायटीचे सदस्य म्हणून निवडले गेले. इ.स. १८५७ च्या फेब्रुवारीत एमिली यांचे स्तनाच्या कर्करोगाने निधन झाले. त्याच वर्षी त्यांनी 'ओम्फॅलॉस' हा ग्रंथ लिहिला. पृथ्वी निर्माण झाली तेव्हाच तिच्यात प्राचीनतेच्या खुणा होत्या, असे प्रतिपादन करून बायबल व भूशास्त्र यांचा मेळ घालण्याचा त्यांचा प्रयत्न होता. शास्त्रज्ञ आणि धर्मनिष्ठ अशा दोघांनीही तो नाकारला. चार्ल्स डार्विन यांच्याशी पत्रव्यवहार असूनही गॉस यांनी उत्क्रांतिवाद कधी मान्य केला नाही.

त्यानंतर सेंट मेरीचर्च येथे स्थायिक होऊन त्यांनी ब्रिटनमधील समुद्रपुष्पांवरील आपला प्रमाणग्रंथ पूर्ण केला. इ.स. १८६० मध्ये एलायझा ब्राइटवेन यांच्याशी त्यांचा दुसरा विवाह झाला. उतारवयात ऑर्किड, खगोलनिरीक्षण आणि रोटिफेरा हे सूक्ष्म जलचर यांत ते रमले. तेथेच त्यांचे निधन झाले.

भारतातील संदर्भ

मुंबईत मरीन ड्राइव्ह येथे इ.स. १९५१ मध्ये तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले. अशा संस्थेला समुद्र दाराशीच असतो. याउलट पूर्व विदर्भातील गोंदिया जिल्हा हा तलावांसाठी प्रसिद्ध असला, तरी मुंबईपासून रेल्वेने नऊशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. अशा ठिकाणी सागरी मत्स्यालय उभारायचे, तर तयार क्षारमिश्रण गोड्या पाण्यात विरघळवून ते सावकाश तयार होऊ देण्याखेरीज मार्ग नाही. ही मूलतः गॉस यांचीच पद्धत होय. निसर्गातून वाटेल ते गोळा करण्यास मात्र आज कायद्याने मर्यादा घातल्या आहेत. भारतात कठीण प्रवाळ व समुद्रघोडे यांना इ.स. २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान देण्यात आले.

निवडक ग्रंथसंपदा

द कॅनेडियन नॅचरलिस्ट (१८४०)
द बर्ड्स ऑफ जमैका (१८४७)
अ नॅचरलिस्ट्स रॅम्बल्स ऑन द डेव्हनशायर कोस्ट (१८५३)
द अक्वेरियम (१८५४)
अ हँडबुक टू द मरीन अक्वेरियम (१८५५)
ओम्फॅलॉस (१८५७)
अ‍ॅक्टिनोलॉजिया ब्रिटानिका (१८५८–६०)
द रोटिफेरा (सी. टी. हडसन यांच्यासह, १८८६)