कृष्णधवल चित्रपटांचा जनक, रंगांचा जाणकार

भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक दादासाहेब फाळके यांचे नाव कृष्णधवल मूकपटांशी कायमचे जोडले गेले आहे. मात्र चित्रपटाकडे वळण्यापूर्वी छायाचित्राला रंग देण्याची विद्या शिकण्यात त्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे घालवली होती, हे फारसे सांगितले जात नाही.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेनंतर ते बडोद्याच्या कलाभवनात दाखल झाले. तेथे चित्रकलेबरोबरच छायाचित्रण आणि छपाईची तंत्रे त्यांनी आत्मसात केली. पुढे गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रांचा व्यवसाय मांडला. प्लेगच्या साथीत पत्नी आणि अपत्य दगावले, आणि तो व्यवसायही मोडला.

त्या काळी छायाचित्र काळे-पांढरेच निघे. गिऱ्हाइकाला रंग हवा असल्यास स्टुडिओतील चित्रकार कुंचल्याने गालांवर गुलाबी छटा, पागोट्यावर लाली, दागिन्यांवर सोनेरी रंग चढवीत असे. अशा तसबिरी कोकणातील वाड्यांपासून भिलाईच्या वसाहतीपर्यंत कित्येक मराठी घरांनी जपल्या आहेत. त्यांतील रंग मात्र बहुधा चित्रकाराच्या नजरेचा अन् घरच्यांच्या सांगण्याचा असतो. करड्या छटेवरून मूळ रंग ओळखता येत नाही. त्यातच जुन्या रासायनिक लेपाला लाल रंग जवळजवळ दिसत नसे. त्यामुळे लाल कुंकू काळे उमटे आणि निळे आकाश पांढरे.

फाळके शिकले ती तीनरंगी ठशांची पद्धत याहून निराळी होती. एकाच चित्राची तीन गाळण्यांतून तीन छायाचित्रे घ्यायची. प्रत्येकाचा वेगळा ठसा करून ते पिवळ्या, तांबड्या आणि निळ्या शाईत एकावर एक छापायचे. तिन्ही निगेटिव्ह कृष्णधवलच असत. परंतु गाळणीमुळे मूळ रंगाचे मोजमाप त्यांत उतरलेले असे. ठसा केसभर जरी सरकला, तरी चेहरा बिघडे.

पुरातत्त्व खात्यातील नोकरी सोडल्यावर, स्वदेशीच्या दिवसांत, फाळके यांनी लोणावळ्यात स्वतःचा छापखाना काढला. राजा रविवर्मा यांच्या चित्रांच्या छपाईशीही त्यांचा संबंध आला. हा छापखाना पुढे मुंबईत लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स म्हणून नावारूपास आला. रंगीत छपाईतील नवी यंत्रे आणण्यासाठी १९०९ मध्ये ते जर्मनीला गेले. परतल्यावर भागीदारांशी बिनसले आणि स्वतः उभा केलेला छापखाना सोडून ते रिकाम्या हाताने बाहेर पडले. चाळिशीतील संसारी माणसाने जम बसलेला धंदा असा टाकावा, याचे तेव्हाच्या लोकांना नवल वाटले असल्यास त्यात आश्चर्य नाही.

याच सुमारास गिरगावात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला आणि त्यांना नवा ध्यास लागला. अहोरात्र प्रयोग केल्याने काही काळ दृष्टीच गेली. ज्याची सारी विद्या डोळ्यांवर उभी होती, त्याच्यावर हा प्रसंग ओढवला. उपचारांनी दृष्टी परतली. मग विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ मध्ये त्यांनी लंडन गाठले व तेथून कॅमेरा आणला.

३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिले, फिल्म धुण्याचे कामही केले. तारामतीची भूमिका साळुंके या तरुणाने साकारली. तिच्या वस्त्रांचा रंग कोणता, हे पडद्यावरील करड्या छटांवरून आज सांगता येणार नाही.

१९३७ मध्ये त्यांचा ‘गंगावतरण’ हा एकमेव बोलपट आला, तोही कृष्णधवल. त्याच वर्षी आर्देशीर इराणी यांच्या ‘किसान कन्या’ने भारतातच तयार झालेला पहिला रंगीत चित्रपट हा मान मिळवला. फाळके तेव्हा ६७ वर्षांचे होते. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. आता संगणक जुन्या छायाचित्रांत क्षणार्धात रंग भरतो. त्याने फाळके यांच्या छायाचित्रातील कोटाला रंग दिला, तरी तोही गोध्र्याच्या काळातील कुंचल्याप्रमाणे अंदाजच असेल.