वनस्पतिशास्त्रज्ञ फादर सांतापाव

चरित्र म्हटले म्हणजे आमच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा राजे, सेनापती किंवा देशभक्त उभे राहतात. झाडाझुडपांची नावे निश्चित करण्यात ज्याने आपला जन्म घालविला, अशा मनुष्याचे चरित्र वाचण्याजोगे असेल असे सहसा कोणास वाटत नाही. तथापि ज्या सह्याद्रीच्या छायेत आपण राहतो, त्याच्या अंगावर काय उगवते आणि त्यातील काय नाहीसे होत चालले आहे, हे आज आपणांस सांगता येते ते अशाच काही निरलस माणसांच्या पायपिटीमुळे. त्यांपैकी फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव यांचा अल्प परिचय ह्या लेखात करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

फादर सांतापाव यांचा जन्म ५ डिसेंबर १९०३ रोजी स्पेन देशातील तारागोना प्रांतात ला गालेरा ह्या लहानशा गावी झाला. ऐन तारुण्यात त्यांनी जेझुइट संघात प्रवेश केला. पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबई इलाख्यातील जर्मन धर्मगुरूंस हा देश सोडावा लागला होता व त्यांच्या शाळा-महाविद्यालयांचा भार उचलण्यास पुढे स्पेनमधील धर्मगुरू येऊ लागले. त्याच ओघात १९२८ साली हा सुमारे पंचवीस वर्षांचा तरुण हिंदुस्थानात आला. पुढे लंडन विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचा अभ्यास करून त्यांनी तेथील डॉक्टर ही पदवी मिळविली. लंडननजीक क्यू येथे जगप्रसिद्ध वनस्पति-उद्यान व वाळविलेल्या वनस्पतींचा अफाट संग्रह आहे. आपल्याकडील कित्येक झाडांस ज्या नमुन्यावरून प्रथम शास्त्रीय नाव मिळाले, तो मूळ नमुना तेथेच जपून ठेविलेला आहे. ते मूळ नमुने फादर सांतापाव यांनी बारकाईने तपासले. नावात चूक झाली की पुढचे सर्व ज्ञान चुकते, हा धडा त्यांनी तेथे घेतला, आणि नावाच्या अचूकपणाविषयीचा त्यांचा आग्रह जन्मभर टिकला.

१९४० साली ते मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. तेथे त्यांस मोठा वारसा लाभला. फादर एथेलबर्ट ब्लाटर ह्या स्विस धर्मगुरूने १९०६ साली ह्या महाविद्यालयात वाळविलेल्या वनस्पतींचा संग्रह सुरू केला होता. ब्लाटर १९३४ साली निवर्तले. गुरुस्थानी असलेल्या ह्या पुरुषाचे नाव त्या संग्रहास १९४१ साली देण्यात आले. तोच आजचा ब्लाटर वनस्पतिसंग्रह होय. वारसा मिळाला म्हणून त्याच्यावर विसंबून राहणारा मनुष्य मात्र हा नव्हता. मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवर थिओडोर कुक यांचा मोठा ग्रंथ १९०१ ते १९०८ ह्या काळात निघाला होता व अभ्यासक त्याच्यावरच भिस्त ठेवीत. ग्रंथात जे लिहिले आहे ते डोंगरावर जाऊन पाहिले पाहिजे, आणि एकदा पाहून भागत नाही, असे सांतापाव यांच्या कामावरून स्पष्ट दिसते.

ह्यासाठी त्यांनी निवडलेले मुख्य क्षेत्र म्हणजे बोरघाटाच्या माथ्यावरील खंडाळा. कल्याणहून आगगाडीने पुण्यास जाताना बोगद्यांच्या रांगेतून हे गाव लागते. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे १,८०० फूट असून पाऊस वर्षास चार हजार मिलिमीटरांहून अधिक पडतो. थंड हवेसाठी जाणारे लोक एप्रिल-मे महिन्यांत तेथे राहून पावसापूर्वी परत फिरत. अशा हवापालटाच्या मुक्कामात झाडे गोळा करणाऱ्यास सह्याद्रीची अर्धीच ओळख होते. कारण उन्हाळ्यात जो कातळ उघडा व करपलेला दिसतो, त्याच्याच भेगांतून पहिल्या पावसासरशी कंद फुटतात, काही आठवडे फुलतात आणि दसरा-दिवाळी होते न होते तो पुन्हा भुईत दडतात. म्हणून तोच डोंगर, तीच पायवाट, तोच ओढा उन्हाळ्यात, आषाढात, भाद्रपदात व हिवाळ्यात असा वर्षामागून वर्ष धुंडाळावा लागतो. फादर सांतापाव यांनी हेच केले. ते विद्यार्थ्यांसही बरोबर नेत. वर्गात फळ्यावर काढलेले फूल आणि भर पावसात ओंजळीत धरलेले फूल ह्यांतील अंतर त्या मुलांस तेथे कळले असेल, ह्यात आम्हांस संशय वाटत नाही.

वर्षानुवर्षे पाहण्याची गरज कारवीच्या उदाहरणाने चांगली समजते. आपल्या ठाणे जिल्ह्यात कारवी कोणास ठाऊक नाही? तिच्या काठ्यांचे कुड शेणामातीने लिंपून पूर्वी कित्येक घरांच्या भिंती होत असत. ही झुडपे सात वर्षे नुसती पानांनी वाढतात. आठव्या वर्षी सारा डोंगर एकाच वेळी जांभळ्या फुलांनी भरून जातो, बी धरते आणि झाडे मरतात. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात ती २००८, २०१६ व २०२४ ह्या साली अशी फुलली. जो मनुष्य दोन-तीन वर्षे डोंगरावर जाईल, त्यास कारवीस फूलच येत नाही असे वाटण्याचा संभव आहे! कारवी व तिच्या जातभाईंच्या ह्या एकदम फुलण्याचा अभ्यास सांतापाव यांनी आवडीने केला व त्यावर लेखही लिहिले.

दुसरे उदाहरण खर्पुडीचे. हिला कंदीलपुष्प असेही म्हणतात, कारण फूल लहानशा कंदिलासारखे दिसते. फुलाच्या नळीत आतल्या बाजूस खाली वळलेले केस असतात. चिमुकली माशी वासाने आत शिरते, परंतु केसांमुळे तिला बाहेर पडता येत नाही. पुढे केस कोमेजले म्हणजे पराग घेऊन ती सुटते व दुसऱ्या फुलाकडे जाते. ह्या कुळातील कित्येक जाती सह्याद्रीबाहेर जगात कोठेही आढळत नाहीत. त्यांचे कंद खाण्याजोगे असल्याने माणसे ते खणून काढतात. गुरे वेल खातात. रस्ते व इमारती कातळ गिळतात. एखादी जात एकाच डोंगराच्या एकाच उतारावर असेल, तर तो उतार गेला की ती जात पृथ्वीवरूनच गेली. ह्या वनस्पतींच्या कुळावर सांतापाव यांनी एका सहकाऱ्यासह १९६२ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढील अभ्यासकांनी खर्पुडीच्या एका जातीस त्यांचे नाव दिले आहे.

आता त्यांच्या कामाची रीत थोडक्यात सांगतो. झाडाची फुलाफळासह फांदी घेऊन ती जुन्या वर्तमानपत्रांच्या घडीत पसरावयाची, वर-खाली फळ्या लावून दाबून बांधावयाची आणि कागद वारंवार बदलीत वाळवावयाची. पावसाळ्यात कागद वाळत नाहीत, त्यास बुरशी येते. म्हणून शेगडीच्या उबेवर ते वाळवावे लागतात. वाळल्यावर फुलाचा रंग उडतो व वास जातो. सबब झाडाची उंची, फुलाचा रंग, वास, जागा, तारीख आणि गोळा करणाऱ्याचे नाव ही सर्व तेथल्या तेथे लिहून ठेवावी लागतात. शेवटी वाळलेली फांदी जाड कागदावर चिकटवून खाली चिठ्ठी लावितात. त्या चिठ्ठीवाचून नमुना म्हणजे वाळलेला पाला होय. चिठ्ठी असेल तर शंभर वर्षांनी येणाऱ्या मनुष्यास अमुक झाड अमुक दिवशी अमुक जागी उभे होते, हे निश्चित समजते, आणि आज ते तेथे नसेल तर तेही समजते.

अशा श्रमांचे फळ म्हणजे १९५३ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा खंडाळ्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ. पुढे १९६० व १९६७ साली त्याच्या नव्या आवृत्त्या निघाल्या. १९५८ साली पुरंदरच्या व १९६६ साली मुंबई भागातील आमरींच्या, म्हणजे ऑर्किडांच्या, वर्णनाचे ग्रंथ आले. ह्यांतील दुसरा एका सहकाऱ्यासह लिहिलेला होता. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकाच्या संपादनात पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांच्यासह त्यांनी भाग घेतला. सामान्य वाचकांसाठी आपल्या देशातील नेहमीच्या वृक्षांची ओळख करून देणारे लहानसे पुस्तकही त्यांनी १९६६ साली लिहिले. विद्वत्तेचा भार वाहणाऱ्या माणसाने सोप्या भाषेत लिहावे, ही गोष्ट शिक्षकांनी विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे.

भारतीय वनस्पति-सर्वेक्षण ही सरकारी संस्था १८९० साली स्थापन झाली होती. पण पुढे तिचे काम मंदावले. स्वातंत्र्यानंतर १९५४ साली तिची पुनर्रचना झाली, तेव्हा सांतापाव यांस तिचे मुख्य वनस्पतिशास्त्रज्ञ नेमण्यात आले. १९५५ व १९५६ ह्या दोन वर्षांत पुणे, कोइमतूर, डेहराडून व शिलाँग येथे संस्थेच्या शाखा निघाल्या. १९५९ साली संस्थेचे नियतकालिक सुरू झाले. १९६१ पासून १९६७ पर्यंत ते संचालक होते. खंडाळ्याच्या एका डोंगरावर जी शिस्त त्यांनी स्वतःस लावून घेतली होती, ती आता सर्व देशाच्या कामी आली. १९६७ साली भारत सरकारने त्यांस पद्मश्री ही पदवी देऊन गौरविले. १३ जानेवारी १९७० रोजी मुंबईस त्यांचे देहावसान झाले. भारतातील सपुष्प वनस्पतींचा कोश त्यांच्या पश्चात १९७३ साली प्रसिद्ध झाला.

स्पेनमधील एका खेड्यात जन्मलेल्या ह्या पुरुषाने आपल्या डोंगरांतील गवत-वेलींची अशी काळजी का वाहिली असावी? सृष्टी हे ईश्वराचे हस्तलिखित आहे व त्यातील अक्षरही गाळता कामा नये, अशी श्रद्धा धर्मगुरूच्या ठायी असणे स्वाभाविक आहे. परंतु ज्यांची श्रद्धा निराळी आहे त्यांसही ह्या चरित्रातून घेण्याजोगे पुष्कळ आहे.

आपल्या दापोड्याकडेच पाहा. दापोडे, वळ, पूर्णा, मानकोली ह्या गावांच्या शिवारात एके काळी भातखाचरे होती. आज भिवंडी तालुक्यातील गोदामे साऱ्या देशास ठाऊक आहेत. गोदामांनी अनेक घरांस भाकरी दिली, ती आम्ही तुच्छ लेखीत नाही. पण खाचराच्या बांधावर श्रावणात कोणती फुले येत होती, ओढ्याकाठी कोणता वेल चढत होता, ह्याची चिठ्ठी कोणी लिहून ठेविली? आजोबा-आजींच्या स्मरणात ती नावे अद्याप असतील. त्यांच्यामागे ती कोठे शोधावयाची? दुर्मिळ झाड खंडाळ्यासच असते असे नाही. जे कालपर्यंत घरामागे विपुल होते तेच उद्याचे दुर्मिळ झाड होय.

म्हणून विद्यार्थिमित्रहो, येत्या उन्हाळ्याच्या सुटीत एक वही करा. घरापासून चालत जाता येईल अशी एकच जागा निवडा: एखादा बांध, पडीक माळ, खाडीकाठची तिवरांची रांग किंवा देवळामागची राई. मे महिन्यात तेथे काय हिरवे आहे ते तारखेसह लिहा. बहावा फुलला की नाही, करवंदे कधी पिकली, कुड्यास कळी कधी आली, हे टिपा. मृगाचा पाऊस पडला म्हणजे पुन्हा त्याच जागी जा, शेवळ कोठे डोके वर काढते ते पाहा, आणि दिवाळीपर्यंत दर पंधरवड्यास जात राहा. गावात चालणारे नाव वडील माणसांस विचारून लिहा. जे झाड एकटेदुकटे दिसेल ते उपटू नका, त्याचा कंद तर मुळीच काढू नका. छायाचित्र व नोंद पुरे.

पालकवर्गास आमची एवढीच विनंती आहे की, मूल चिखलाने भरलेले पाय व हाती वही घेऊन घरी आले तर त्यावर रागावू नये. ह्या विद्येने उद्या पैसा मिळेल असे वचन आम्ही देत नाही. मात्र जे मूल एक जागा वर्षभर नीट पाहण्यास शिकले, ते पुढे कोणत्याही धंद्यात गेले तरी ऐकीव गोष्टीवर विसंबणार नाही. वहीच्या पहिल्या पानावर गाव, तालुका व तारीख घालावयास मात्र विसरू नये.