संख्याशास्त्रज्ञ अब्राहम वाल्ड

जे डोळ्यांना दिसते, त्याची मोजदाद कोणीही करील. परंतु जे दृष्टीआड झाले, त्याचाही हिशेब मांडणारे पुरुष विरळाच. अब्राहम वाल्ड हा त्यांपैकी एक होता.

३१ ऑक्टोबर १९०२ रोजी कोलोझ्वार नगरात एका ज्यू कुटुंबात त्याचा जन्म झाला. हे नगर त्या वेळी हंगेरीत होते. आज ते क्लुज या नावाने रुमानियात आहे. तेथील शाळा शनिवारीही भरत, आणि शनिवार तर ज्यूंचा पवित्र विश्रांतीचा दिवस! म्हणून अब्राहमचे शिक्षण घरीच झाले. पुढे व्हिएन्ना विद्यापीठात गणिताचा अभ्यास करून १९३१ साली त्याने डॉक्टरची पदवी संपादन केली. परंतु ज्यू असल्यामुळे त्यास तेथे अध्यापकाची जागा मिळाली नाही. १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला, तेव्हा वाल्ड अमेरिकेस गेला. मागे राहिलेल्या त्याच्या आप्तांपैकी बहुतेकांना नाझींनी ठार मारले.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील संख्याशास्त्रज्ञांचे एक मंडळ सैन्याच्या अडचणी सोडवीत असे. वाल्ड त्यात काम करू लागला. लढाईवर गेलेली विमाने गोळ्यांनी चाळण होऊन परत येत. कित्येक परतच येत नसत. सर्व विमानास कवच घालावे, तर वजन फार वाढते. मग विमानाचा सर्वांत नाजूक भाग कोणता, हे ठरवावे कसे? परतलेल्या विमानांवर जेथे भोके अधिक, तेथेच धोका अधिक, असे कोणासही वाटेल. परंतु ही तर केवळ वाचलेल्यांची साक्ष! पडलेल्यांची साक्ष कोण देणार?

१९४३ साली वाल्डने याचे गणित मांडले. शत्रूची गोळी भाग निवडून लागत नाही. ज्या भागाचा विस्तार मोठा, त्यास गोळ्या अधिक लागतात. समजा, विस्ताराच्या मानाने १०० गोळ्यांपैकी २५ इंजिनास लागावयास हव्यात. परंतु परतलेल्या विमानांवर त्या १०० पैकी १० च आढळल्या. मग बाकीच्या कोठे गेल्या? इंजिनास गोळी लागलेली पुष्कळ विमाने परतलीच नाहीत, हाच त्याचा अर्थ. म्हणजे जेथे अपेक्षेहून भोके कमी, तोच भाग नाजूक!

यंत्रांचे आयुष्य मोजतानाही अशीच अडचण येते. १०० दिवे १,००० तास पेटते ठेवले आणि ६० अजून जळत असले, तर केवळ विझलेल्या ४० दिव्यांची सरासरी काढून चालत नाही. जळत्या दिव्यांचाही विचार करावा लागतो.

मालाची परीक्षा करताना किती नग तपासावे, हे आधीच न ठरवता, पुरेसा पुरावा मिळताच थांबावे, अशी रीतही वाल्डने गणिताने सिद्ध केली. ती इतकी उपयुक्त ठरली की, युद्धकाळात गुप्त ठेवण्यात आली. १९४७ साली तीवर त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

१९५० साली वाल्ड व्याख्यानांसाठी भारतात आला. १३ डिसेंबर रोजी त्याचे विमान निलगिरी पर्वतात कोसळले आणि तो व त्याची पत्नी, दोघेही मृत्युमुखी पडली. न परतलेल्या विमानांचा हिशेब मांडणारा हा गणिती स्वतःच विमानप्रवासातून परतला नाही. तेव्हा तो अवघा ४८ वर्षांचा होता. समोर आलेल्या पुराव्याबरोबर न आलेल्या पुराव्याचाही शोध घ्यावा, ही त्याची शिकवण मात्र आजही शास्त्रज्ञांना वाट दाखवीत आहे.