एमिल बोदो
झाँ-मोरिस-एमिल बोदो (११ सप्टेंबर १८४५ – २८ मार्च १९०३) हे फ्रेंच तारयंत्र अभियंते होते. प्रत्येक अक्षरासाठी समान लांबीचे पाच संकेत वापरणारी संकेतावली आणि एकाच तारेवरून अनेकांचे संदेश नेणारे मुद्रण तारयंत्र त्यांनी तयार केले. संकेतवेगाचे 'बॉड' हे एकक त्यांच्या नावावरून आले आहे.

सुरुवातीचे जीवन
बोदो यांचा जन्म फ्रान्सच्या ओत-मार्न विभागातील मान्यो या गावी शेतकरी कुटुंबात झाला. गावच्या प्राथमिक शाळेपलीकडे त्यांचे औपचारिक शिक्षण झाले नाही. काही वर्षे शेतावर काम केल्यानंतर १८६९ मध्ये ते तार खात्यात शिकाऊ तारमास्तर म्हणून लागले. तेथे त्यांना मोर्स आणि ह्यूज या दोन्ही पद्धतींचे प्रशिक्षण मिळाले.

तारयंत्र
त्या काळी तारेचा बराच वेळ वाया जात असे. तारमास्तरचा हात कितीही चपळ असला, तरी तार त्याहून कितीतरी अधिक संकेत वाहून नेऊ शकत होती. मोर्सच्या संकेतांची लांबी अक्षरागणिक बदलत असल्यामुळे ते यंत्राने छापणेही अवघड होते. बोदो यांनी पाच कळांचा कळफलक योजला. दोन कळा डाव्या हाताला आणि तीन उजव्या हाताला असत. प्रत्येक कळ दाबलेली किंवा मोकळी, अशा दोनच अवस्थांतून ३२ संयोग मिळत. पाचही कळा एकदम दाबल्या जात. फिरत्या वितरकाचा ब्रश मात्र त्यांची स्थिती एकामागून एक तारेवर धाडी. समांतर माहितीचे क्रमिक माहितीत रूपांतर ते हेच. ब्रशची फेरी पुढे सरकली की पुढच्या तारमास्तराची पाळी येई, आणि अशा रीतीने चार किंवा अधिक जण एकच तार वापरीत. दोन्ही टोकांचे वितरक एकाच गतीने फिरणे अत्यावश्यक होते. यंत्राच्या टिकटिकीबरोबर कळा दाबाव्या लागत. ठेका चुकला की अक्षरही चुके. हे कौशल्य सोपे नव्हते.

१८७४ मध्ये बोदो यांनी पेटंट घेतले. १८७७ मध्ये पॅरिस–बोर्दो मार्गावर चाचणी झाली आणि १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात यंत्राला सुवर्णपदक मिळाले. संशोधन मात्र फावल्या वेळात आणि स्वखर्चाने चालले होते. त्यासाठी त्यांना ते पदकही विकावे लागले.

श्रेयाचा वाद
लुई व्हिक्टर मिमो या तार कर्मचाऱ्यानेही त्याच सुमारास पाच संकेतांच्या यंत्राचे पेटंट घेतले होते. त्याने अग्रक्रमाचा दावा न्यायालयात नेला. आरंभी निकाल मिमोच्या बाजूने लागला, परंतु पुढे तो रद्द झाला. या वादाचा बोदो यांच्या प्रकृतीवर परिणाम झाला. १८८२ मध्ये ते निरीक्षक-अभियंता झाले. पॅरिसजवळील सो येथे वयाच्या ५७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

वारसा
डोनल्ड मरे यांनी १९०१ च्या सुमारास टंकयंत्रासारख्या कळफलकासाठी या संकेतावलीची फेररचना केली. हौशी रेडिओचालक रेडिओ टेलिप्रिंटरसाठी जिला आजही 'बोदो' म्हणतात, ती वस्तुतः मरे यांच्या रचनेतून विकसित झालेली आहे. असे ४५.४५ बॉडचे संदेश आता संगणकाला जोडलेल्या सॉफ्टवेअर-आधारित रेडिओवरही उलगडता येतात.

संगणकाच्या सिरियल पोर्टचा वेग ९६०० किंवा १,१५,२०० बॉड असा सांगितला जातो. बॉड म्हणजे दर सेकंदाला पाठवलेल्या संकेतांची संख्या. सिरियल पोर्टमध्ये एक संकेत एकच बिट वाहतो, म्हणून तेथे बॉड आणि बिट यांचे आकडे जुळतात. संकेताच्या चार अवस्था असल्यास मात्र प्रत्येक संकेतातून दोन बिट जातात. ही दोन एकके एकच समजण्याची चूक पुष्कळदा होते.